प्रॉम्प्टर

वडशाहून आलेल्या मेटॅडोरमधून
देवाजी उईकेनं बावीस कॉम्प्युटर उतरवले,
तणसावर, शेजारी शेजारी,
गुरांच्या बाजारातून आणलेली वासरं बसवावी तसे.
कुठल्याशा बँकेनं मोडीत काढलेले,
हार्डडिस्क आधीच काढून घेतलेल्या.
"म्हनजे डोस्कं हाये, याद नाई,"
देवाजी म्हणाला आणि बिडी विझवून आत आला.

सर्व्हर मी मांडला विज्ञानाच्या कपाटावर,
बरणीतल्या बेडकाशेजारी.
पत्त्यांची यादी लिहिली,
शंभरपासून एकशे एकवीसपर्यंत.
कुणी जागं होऊन विचारलं, मी कोण,
तर आधी पत्ता द्यायचा,
मग पहिली फाईल, इवलीशी,
मग ओळीमागून ओळ अख्खी सिस्टीम.

हे काम मला नवीन नाही.
धान निघालं, खळी रिकामी झाली
की मी झाडीपट्टीतल्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करतो.
विंगेत स्टूल, तोंडात टॉर्च, मांडीवर वही.
खलनायक दिवसभर शंकरपटात असतो,
त्याला नाटकाचं नावही पाठ नसतं.
रात्री साडेदहापासून कोंबडं आरवेपर्यंत
तो माझ्या ओठांवर चालतो
आणि शेकोटीजवळची बाई म्हणते,
काय पाठांतर हाये बाप्पा!

केबलच्या टोकांना दोन दिवस गेले.
नववीच्या पोरी पाढ्यासारखं म्हणत होत्या,
नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी,
निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी.
एक तार उंदरानं खाल्ली.
ती रोशना मडावीनं पुन्हा केली, न बोलता.

बटण दाबलं.
बावीस पडदे काळे, त्यावर पांढरी अक्षरं.
अकरांनी पत्ता घेतला
आणि तिथेच उभे राहिले.
पत्ता माझ्या यादीतला नव्हता.

मला कुरखेड्याचा प्रयोग आठवला.
निर्मात्याचा साळा दुसऱ्या विंगेत जाऊन बसलेला,
हातात भलत्याच नाटकाची वही.
नायकानं सख्ख्या आईला लग्नाची मागणी घातली,
आणि आई, जुनी नटी, म्हणाली,
विचार करून सांगते.

म्हणजे आणखी कुणीतरी बोलत होतं.
वायर धरून मागे मागे गेलो,
व्हरांडा, खिचडीच्या पोत्यांची खोली,
ढोमणेबाबूंचं ऑफिस.
पगारबिलांसाठी बसवलेला पांढरा राऊटर
कॅलेंडरमागे हसत बसला होता.
जो मागेल त्याला तो पत्ता द्यायचा,
पुढचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं.
मी वायर उपटली.
ढोमणेबाबू ओरडले,
बिल त्र्याऐंशी टक्क्यांवर आलं होतं.
माझाही पगार त्यातच होता.

लाईन गेली. चार वाजता आली.

मग एकामागून एक.
पहिल्यानं विचारलं, दुसऱ्यानं, एकदम सहांनी,
पट्ट्या हळूहळू भरत गेल्या,
ज्यांना काही आठवत नव्हतं
ते एका सुरात बोलू लागले.
देवाजी दारात उभा.
"सारे एकच पाठ म्हनतेत का जी?"
एकच, म्हटलं. वीज गेली की विसरतात.
"मंग रोजच सांगा लागते."
रोजच.

चौदा नंबर मात्र गप्प.
यादी तपासली, केबल बदलली,
सर्व्हरच्या नोंदी वाचल्या, त्याची हाकच नव्हती.
रोशना समोर बसून होती.
"सर, यानं इचारलंच नाई."
जो विंगेकडे पाहतच नाही
त्याला ओळ कशी पोचवायची,
याचं उत्तर बारा हंगामांत मला सापडलेलं नाही.

तिनं झाकण उघडलं.
मेमरीची पट्टी उपसली,
कंपासमधलं खोडरबर काढलं
आणि पिवळे दात घासले,
चुकलेलं गणित पुसावं तसे, जीव लावून.
फुंकर मारली. बसवली. टक्.

एक बीप.

मी कपाटाकडे धावलो.
बेडकाशेजारचा हिरवा दिवा फडफडत होता,
एकशे तेरा दिला होता,
पहिली ओळ माझ्याआधीच गेली होती.