डावीकडे, जरा खाली

एकतीस वर्षं मी नोटांवरचे आकडे तपासले,
नाशिक रोडच्या प्रेसमध्ये.
एकही नोट माझी नव्हती.
म्हणून असेल, निवृत्त झाल्यावर
आकडा ठोकलेल्या जड वस्तू मला हव्याशा झाल्या.

मेन रोडला, हकीमुद्दीनशेठच्या दुकानात
तेलकट फडक्यात तीन आली होती,
अडतीस बोअरची,
पोलिसांनी कंडम ठरवून लिलावात काढलेली.
शेठ म्हणाले, कंडम फक्त कागद झालाय.
मी तिन्ही घेतली, एकेक वर्षाच्या अंतराने,
दर वेळी शिक्का, शिक्क्यावर सही,
सहीसाठी कलेक्टर कचेरीत सतरा खेपा.
कुमुद म्हणाली, लोक काड्यापेट्या जमवतात.

पहिल्याची मूठ कुणीतरी सायकलच्या ट्यूबने गुंडाळलेली.
दुसऱ्याचा घोडा आळशी.
तिसऱ्याचा बाहेरच्या अंगाचा मुलामा पार उडालेला,
चामड्याने घासून घासून पोलाद पांढरं.
आणि नळीत डोकावलं तर
आटे कोरे, कारखान्यातून निघाले तसे.
वाहिलेलं खूप. उडवलेलं जवळपास नाही.
मुठीच्या बुडाशी आकडा : चार, चार, शून्य, एक.
शेवटचा एक असा झिजलेला
की घाईच्या डोळ्याला सात वाटावा.

रविवारी सकाळी, त्र्यंबक रोडच्या पलीकडे, रेंजवर
बारा गोळ्या, नोंदवहीत बारा,
पंचवीस यार्डांवर कागदाचा माणूस.
घोडा ओढून मारल्या सहा, श्वास सोडत सोडत.
डावीकडे, जरा खाली,
काळजाच्या उलट्या बाजूला, शेवटच्या बरगडीपाशी.
मग नुसत्या चापावर सहा. बोट थरथरलं.
तरी डावीकडे, जरा खाली.
मधून मोडलं की पुंगळ्या एकदम उसळून बाहेर येतात,
गरम, पितळी,
मोजून परत द्यायच्या.

आकड्यामागे गेलो. ते मला जमतं.
मखमलाबादला सापडले
निवृत्त फौजदार काशिनाथ गांगुर्डे,
द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांवर बंब पेटवताना.
उजवा खांदा अजून झुकलेला,
जणू पट्टा कालच सोडलाय.

मी विचारलं, डावीकडे का जातं?
जातं का? ते हसले. मला काय माहीत.
वर्षाला सहा गोळ्या सरावाच्या,
कुठे लागल्या ते बघायला
उन्हात तिथवर चालत कोण जाणार?

मग एक काडी मोडली, बंबात घातली नाही.
एकदा बटण उघडलं होतं, म्हणाले,
म्यानाचं.
मनमाडला, यार्डात, रात्री दोनला.
पोरगी होती. ओच्यात कोळसे.
बटण परत लावायला गेलो तर बसेना.
नंतर कधी बसलंच नाही.
अजून तसंच असेल, बघा तुम्ही.

शेठने मला म्यान दिलंच नव्हतं.
मी म्हणालो, हो, तसंच आहे.

आता कायदा म्हणतो, दोनच ठेवा.
शेठ म्हणाले, ट्यूबवालं देऊन टाका.
कुमुद काही म्हणाली नाही,
तिने जुन्या उशीचा अभ्रा काढून दिला.
मी त्यात तिसरं गुंडाळलं.

ठाण्यात अंमलदार मुलगी, नवीनच,
कोपरापाशी थंड झालेला चहा.
तिने मूठ खिडकीकडे धरली आणि लिहिलं,
चार चार शून्य सात.
मी म्हणालो, बाई, एक.
सातच दिसतंय काका.
मी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
तिच्यापुढे धरला.
तिने तो खरंच लावला,
बराच वेळ बघितलं,
सात खोडून एक केला,
खाडाखोडीवर सही केली.

मग पावती फाडता फाडता,
वर न बघता,
नेम कसाय काका याचा?