बैरंग

विट्यात, पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर
मी चित्रकथांचा अंक जुळवायचो.
सभासद नऊ, प्रती अकरा;
दोन वाळवीच्या, आबा म्हणायचे.

जतहून इलाही मुजावरची पानं यायची:
त्याच्या वीराचे हात कायम पाठीमागे,
खिशात, नाहीतर धुरात.
मनीऑर्डरच्या कुपनावर एकदा, "हात जमत नाहीत."
पलूसच्या सुलभा आरवाडेनं छापायला लावलं:
"मग मारतो कशानं? नजरेनं?"

पुढचे तीन अंक जतचं काही नाही.

मग बैरंग पाकीट. दंड भरून सोडवलं.
आत एकच पान, नुसते हात:
विडी वळणारे, सुईत दोरा ओवणारे,
एक चौकटीबाहेर लोंबणारा,
एक नखांत सायक्लोस्टाइलची शाई भरलेला.
मला तर त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

ते पान शेवटी ठेवून पिना मारल्या,
मग अकराही प्रतींच्या
उचकटल्या.