कधीकधी

मंगळवारी फॉर्म घेऊन एक मुलगी आली,
कुठल्याशा संस्थेची. नाव ऋजुता.
दाराशी नऊ जोड इवल्या चपला होत्या,
त्यांच्या ओळीत तिनं आपल्या नीट लावल्या,
तेव्हाच मला आवडली.

कन्नमवार नगर, तळमजला, दोन खोल्या.
पोरं जेवून आडवी झालेली,
वरणभाताचा वास अजून सतरंजीत.
ती हळू आवाजात विचारू लागली:
आई किती तास बाहेर असते?
मूल इतरांत मिसळतं का?
आई परत आल्यावर कसं वागतं?
प्रत्येकापुढे चौकटी तीन. हो, नाही, कधीकधी.

म्हटलं, तो कपाटापाशी झोपलाय ना, अद्वय,
त्याची आई बेस्टमध्ये कंडक्टर.
दूध पिऊन झालं की हा जुन्या कॅलेंडरची पानं फाडतो
आणि सगळ्यांना तिकीट देतो.
फुकट कुणी बसायचं नाही.
जूनमध्ये झोया आली नवी, तीन दिवस
दाराची जाळी धरून रडत होती.
चौथ्या दिवशी यानं तिला तिकीट दिलं, म्हणाला,
"रडू नको. तुझा स्टॉप शेवटचा आहे."
ती तिकीट मुठीत धरून झोपली.
याला कुठली चौकट?

झोयाची आई राजावाडीत नर्स.
ती येते सव्वासहाला.
पोर दिवसभर दाराकडे बघत असते
आणि आई दिसली की पाठ करून ठोकळे रचते.
आईचा चेहरा एवढासा होतो.
मी म्हणते, थांब गं.
तिनं नऊ तास वाट पाहिली, तू पाच मिनिटं पाहा.
मनोरा पाडून झाला की येते,
अशी येते की ओढणी सोडत नाही.

सगळं गोडच लिहू नकोस पण.
तो खिडकीतला श्रीरंग चावतो.
आई दोन पाळ्या करते पॅकिंगच्या कारखान्यात,
त्याला भरवता भरवता तिचाच डोळा लागतो.
ज्या दिवशी तिची एक पाळी सुटते
त्या दिवशी तो कुणाला चावत नाही.
हे मात्र लिही.

ती लिहीत होती. मी फॉर्म उलटून पाहिला,
बापाचे तास कुठंच विचारले नव्हते.

मग शेवटचा प्रश्न, फॉर्मच्या बाहेरचा:
"तुम्हाला मुलं?"

एक मुलगी. मैथिली.
पाळणाघर काढलं तेव्हा दीड वर्षाची.
सगळे म्हणाले, बरं झालं,
घरातलंच काम, पोर डोळ्यांसमोर राहील.
राहिली डोळ्यांसमोर. अकरा जणांत बारावी.
घास भरवायला तिची पाळी शेवटी,
आपलीच आहे, थांबेल.
थांबायची. शहाणी होती,
जरा फारच लवकर शहाणी.
सगळी काकू म्हणायची, म्हणून तीही काकू.
साडेसातला शेवटचं पोर घरी जायचं,
मी कडी लावायचे,
तो आवाज ऐकून ती खेळ सोडून उभी राहायची
आणि अगदी हळू विचारायची,
"काकू, आता तू आई झालीस का?"

ऋजुताचं पेन थांबलं.
"आता कशी आहे?"
बरी आहे. ठाण्याला बँकेत.
रांगेत अजून कुणालाही पुढे जाऊ देते.

तिनं कुठंतरी टिक केली. कधीकधीवर असावी.

तेवढ्यात अद्वय उठला, डोळे चोळत,
अनोळखी बाई बसलेली पाहून
सरळ कॅलेंडरकडे गेला.
"कुठं उतरणार?"
ती हसली. म्हणाली, तूच सांग.
त्यानं विचार केला.
"तुझी आई कुठं असते?"
"नांदेडला."
"एवढ्या लांब गाडी जात नाही," म्हणाला,
आणि एक पान फाडून
दिलंच तिला.