ओहोटीच्या आत

सव्हानाच्या कडेला, टायरच्या दुकानामागे आमचा स्टुडिओ.
भिंतींना फोम. जमिनीवर राखाडी गालिचा,
मी हप्त्यांनी घेतलेला.

मिस अर्लिन सॅलिन्स दारातच थांबल्या.
मडकं वाजवून घ्यावं
तशी टाच आपटून पाहिली एकदा.
"मुका आहे हा," म्हणाल्या,
आणि परत गाडीत जाऊन बसल्या.

थॅडियस मोल्ट्री गळ्यातल्या सॅक्सोफोनसकट
खिडकीशी वाकून कितीतरी वेळ बोलत होता.
आत त्या उकडलेल्या शेंगा सोलत होत्या.
टरफलं काचेच्या फटीतून बाहेर,
त्याच्या पॉलिश केलेल्या बुटांपाशी.

मग मी पातं घेतलं, गालिचा कापला.
खाली सिमेंट.
तेही मुकंच.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं पिकअपमधून फळ्या आणल्या,
बेटावरच्या, पडलेल्या प्रार्थनाघराच्या.
सात. पाइनच्या. खिळ्यांची भोकं,
एकीवर पिवळ्या रंगाचा ओघळ.
विटांवर मांडल्या. एक माइक मी
खाली पोटाशी सरकवला.
भाचा झाडूचा दांडा घेऊन उभा राहिला,
आणि तो दांडा फळीवर पडला तेव्हा
माझ्या काट्यानं लाल रेघ ओलांडली.

आठ महिने थॅडियस या अल्बमवर बसला होता.
एकोणीसशे एकतीसची तबकडी,
तिच्यातला प्रत्येक हुंकार, प्रत्येक खरखर
त्यानं स्वरलिपीत उतरवली होती,
जिथं बाई श्वास घेते तिथं पेन्सिलीचा स्वल्पविराम.
मिस अर्लिन गायला लागल्या आणि
तिसऱ्या ओळीत त्यानं हात वर केला.
"फार संथ होतंय. तबकडीवर
याच्या दुप्पट आहे लय.
आणि मधली दोन कडवी तिच्यात नाहीतच."

"कोण गातंय त्या तबकडीवर?"
"कॉर्नेलिया ग्रोव्हनर."
"माझ्या आईची मावशी," म्हणाल्या त्या,
चष्मा काढून झग्याला पुसत.
"यंत्रवाला आला होता बोटीनं.
ओहोटी लागली की खाडीत चिखल,
बोट अडकली तर सकाळपर्यंत तिथंच.
तो सारखा घड्याळ बघायचा.
मावशीला त्याची दया आली.
दोन कडवी गाळली तिनं, उरलेलं पळवलं.
तू ती घाई पाठ केलीस, पोरा.
बोट गेली कधीच."

कुणी काही बोललं नाही.
बाहेर टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चालू झाला, थांबला.
थॅडियसनं कागद उलटा केला.
सॅक्सोफोन खुर्चीवर ठेवला, आडवा,
झोपलेल्या लेकराला ठेवावं तसा,
आणि टाळी धरली.
चुकला. भाच्यानं दांड्यानंच त्याला जागेवर आणलं.

त्या गोल फिरत होत्या, सात फळ्यांच्या एवढ्याशा गोलात,
टाच आधी, मग बोटं,
पाय पायावरून न जाऊ देता,
एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना मध्येच दटावत.
गाळलेल्या कडव्यांत होतं तरी काय?
एका गायीचं नाव. कुणाच्यातरी शेताचा बांध.
देव फक्त शेवटच्या शब्दात, तोही ओझरता.

नवव्या फेरीला की दहाव्या, मी मोजणं सोडलं होतं,
थॅडियसनं वाद्य उचललं
आणि एकच स्वर धरला, खालचा, जाडसर,
मिस अर्लिनच्या आवाजाखाली सरकवलेल्या फळीसारखा.
त्या वर चढल्या. त्यानं जागा सोडली नाही.

संध्याकाळी त्यांनी फळ्या मोजून घेतल्या.
सहा भरल्या. पुन्हा मोजल्या. सातवी
माझ्या केबलींखाली होती.
"हिच्यावर मावशी उभी असायची की दुसरीवर,
आता कोण सांगणार," म्हणाल्या,
आणि पिकअपमध्ये पुढं बसल्या, शेंगांची पिशवी मांडीवर.

अल्बम आला. चौथ्या ट्रॅकच्या शेवटी
काहीतरी कुरकुरतं, कान दिला तर.
लोक विचारतात, जुन्या तबकडीची खरखर मुद्दाम घातलीत का?
टरफल आहे ते.
त्याच्या बुटाला चिकटून आत आलेलं.

गालिच्याला मधोमध चौकोनी भोक आहे अजून.
नवीन पोरं माइकचा स्टँड बरोबर तिथंच ठेवतात.
चार हप्ते राहिलेत.