सातांपैकी तीन

कोर्टाच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं:
समाजविघातक व्यक्तिमत्त्व.
आईने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, म्हणाली,
म्हणजे तो माणसांत मिसळत नाही, असं का गं?

आपला शिरीष तर दुधात साखर.
बिबवेवाडीच्या आमच्या बिल्डिंगीत
असं एक घर नव्हतं जिथे त्याने चहा घेतला नाही.
तिसऱ्या मजल्यावरच्या शेंडेबाईंच्या पायांना तेल चोळायचा,
त्यांच्या एफडीची पावती कुठल्या डब्यात
हे त्यांच्या मुलाला नाही, यालाच ठाऊक.

माणसांत न मिसळणारे ते खांबेटे.
साखळी न काढता दूध घेतात,
गणपतीच्या वर्गणीची नोट फटीतून सरकवतात.
मुलं त्यांना अँटिसोशल म्हणतात.
मीही म्हणायचे.

शब्द आधीही होते आमच्याकडे.
चार वर्षांचा होता तेव्हा व्रात्य.
आठव्या वर्षी मांजरीचं पिल्लू पिंपात दाबून
घड्याळाकडे बघत उभा होता, तेव्हा हूड.
बाबांची सही हुबेहूब करू लागला, तेव्हा हुशार.
मग संगत. मग शनी. मग लग्न करून द्या.
गौतमी सात महिन्यांत सासवडला परत गेली
तेव्हा शब्द तिच्यासाठी शोधले.

डॉक्टर म्हणाले, ही शिवी नाही
आणि सबबही नाही.
सात लक्षणं असतात, तीन पुरतात.
पंधराव्या वर्षाआधी काही दिसलं होतं?
आईने माझ्याकडे पाहिलं.
ते पिंप अजून मोरीत आहे. पाणी गेलं की
आम्ही त्यातलंच वापरतो.
नाही, आई म्हणाली, तसं काही नाही.

शिवाजीनगरहून घरी पोचायला साडेनऊ झाले.
जिन्यात सगळी दारं बंद, आतून टीव्हीचे आवाज.
खांबेट्यांच्या फटीतून एक हात आला,
हातात थर्मास.
तो काही फटीतून निघेना.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
साखळी काढल्याचा आवाज ऐकला.

रविवारी येरवड्याहून शिरीषचा फोन.
आधी आईच्या गुडघ्याची चौकशी, मग माझ्या खोकल्याची,
इतक्या मायेने की माझा गळा दाटला, खोटं कशाला बोलू.
मग, ठेवता ठेवता,
खांबेटेकाका कसे आहेत गं?
अजून एकटेच राहतात ना?