शेपटी

नायगावच्या म्युनिसिपल शाळेत, आठ ते नऊ,
पोरांच्या बुटक्या बाकांत गुडघे अडकवून
आम्ही इंग्रजी शिकतो.
तुस्कानो सर म्हणतात, क्रियापद ओळखीचंच असतं,
घात करते ती शेपटी.

लुक म्हणजे बघ. ठीक.
लुक आफ्टर म्हणजे मागून बघणं नव्हे,
सांभाळणं.
हे मला आवडलं. वॉर्डात मी तेच करते, बारा तास.
गिव्ह म्हणजे दे, अप म्हणजे वर.
मग वर कुणाला द्यायचं?
कुणालाच नाही, म्हणाले सर, हात टेकायचे.
पुट अप विथला तर दोन शेपट्या.
अर्थ विचारला, तर म्हणाले, सासर.
सगळ्या हसल्या. मी वहीत तसंच लिहिलं.

परवा बेड अकरापाशी डॉक्टरीण बोलली,
पास्ड अवे,
आणि फोन वाजला तशी निघून गेली.
मुलगा माझ्याकडे वळला, जव्हारचा, विशीतला:
"बाबा पास झाले म्हणजे आज सुट्टी मिळंल ना, मावशी?"

शेपटी माझ्या एकटीच्या हातात.
म्हटलं, गेले रे.

कुठे, असं त्यानं विचारलं नाही.

रात्री गृहपाठ उघडला, तर डोक्यात तेच.
आपलं जाणं तरी कुठं जातं दर वेळी?
दूध नासून जातं, पातेल्यातच असतं.
मी नको ते बोलून बसते, उभ्या उभ्या.
आणि तो, जिन्यात, लिफ्टच्या मागे,
रडून घेत होता.
कुणी देत नव्हतं,
तरी घेत होता.

सोमवारी सरांना विचारायचंय,
ह्याला तुमच्यात काय म्हणतात.