पान वगळले आहे

कार्लीनमध्ये दर घराला दोन पाट्या.
प्रागमध्ये सगळीकडेच.
लाल पाटीवरचा क्रमांक घर नोंदलं गेलं त्या क्रमाने,
निळ्या पाटीवरचा, रस्त्याने चालत गेलं की लागतं त्या क्रमाने.
मी राहते ते निळं नऊ, लाल चारशे एकसष्ट.
शेजारचं निळं सात, आणि लाल
दोनशे बारा.
नवा पोस्टमन पहिला महिना रडकुंडीला येतो.
तळमजल्यावरच्या कुबातांनी बत्तीस वर्षं टपाल वाटलं.
ते म्हणतात, निळा सांगतो कसं जायचं.
कुठे पोचलात ते लाल सांगतो.

रोज काही हे आठवत नाही.
आज आठवलं, कारण ओलोमोउत्सच्या दूधडेअरीचा सर्व्हर
पहाटे तीन बाराला कोसळला
आणि जाता जाता आपली मेमरी डिस्कवर ओकून गेला.
चौसष्टमधले अकराच गिगाबाइट, बाकीचे
जागा वाचवायला गाळलेले.
पंचनामा माझ्याकडे.
डेअरीच्या फाटकाशी नऊ टँकर उभे, जून महिना.

त्याचे शेवटचे शब्द म्हणजे एक पत्ता.
सोळा अक्षरं. पहिले चार एफ नुसते मानाचे,
पाकिटावरच्या 'श्रीयुत'सारखे.
कर्नेल निळ्या पाट्यांच्या गावात राहतं,
आणि ते गाव दर वेळी जागं होताना
चिठ्ठी टाकून थोडं सरकून बसतं,
चोराला घर सापडू नये म्हणून.
मलाही सापडत नाही मग.

आधी ते सरकणं वजा केलं.
मग नऊ बिट घेतले: पहिल्या तक्त्यातली कितवी ओळ.
त्या ओळीत दुसऱ्या तक्त्याचा ठिकाणा.
पुन्हा नऊ. तिसरा तक्ता.
पुन्हा नऊ, चौथा,
पुन्हा नऊ, आणि तिथे एकदाची लाल पाटी.
कडेचा बिट म्हणतो: हजर.
उरलेले बारा बिट दोन्ही पत्त्यांत तेच राहतात.
माणूस घर बदलतो,
पण उशी पलंगाच्या त्याच बाजूला ठेवतो ना, तसं.

एंटर दाबलं.
'पान वगळले आहे.'

वाटलं, वजाबाकी चुकली.
कँटीनमधल्या लसणाच्या सूपच्या बिलामागे
हाताने केली, सोळाच्या हिशेबात,
जिथे नवानंतर अजून सहा जण रांगेत असतात.
तेच उत्तर.
मोयमीर म्हणाला, तुझं टूल जुनं आहे.
नवं घातलं. नव्यानेही तेच सांगितलं,
फक्त ठळक अक्षरांत.

साडेअकराला खिडकी उघडायला उठले
आणि उभ्या उभ्या कळलं.
गाळणीने काय गाळलं होतं?
मोकळी पानं. जिथे कुणी राहत नाही अशी.
मग जिथे कुणी राहत नाही
तिथला पत्ता मरणाऱ्याच्या मुठीत कसा?

थंडीचा काटा वाचणारा एक ड्रायव्हर.
घर रिकामं करून, किल्ली परत देऊन
तो रोज रात्री तिथेच
तापमान लिहून टाकत होता:
चार अंश, चार अंश, साडेचार.
मध्ये दुसरं कोणी राहायला येई, चार क्षण,
आणि उशाशी हे आकडे.

इथे घर पाडलं तर त्याचा लाल क्रमांक
पुन्हा कुणाला देत नाहीत. तो संपतो.
कुबातांना असे सतरा क्रमांक तोंडपाठ आहेत,
पेट्रोलपंपाखाली गेलेला एक धरून.
मेमरीला हे परवडत नाही.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. दोनला पाठवली.
चारला ओलोमोउत्सच्या बाई फोनवर:
चालू झालं, आभार,
दूध मात्र ओतावं लागलं.
किती, ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
अहवालात त्यासाठी रकाना आहे.
तो आहे तसाच पाठवला.